घाम, गंज आणि जिममधली सायकल



आजचा विषय जरा वेगळा आहे. जिममध्ये जागेवर चालवायच्या ज्या सायकली असतात, त्या स्वच्छ कशा ठेवायच्या आणि जास्त दिवस टिकाव्यात म्हणून काय काळजी घ्यायची, हे आपण आज पाहणार आहोत. "बाई, याचा शाळेशी काय संबंध?" असं कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो चौथीच्या वर्गातल्या खिडकीपर्यंत येऊन पोचतो. पण आधी मुळापासून सांगते.

गेल्या वर्षी माझा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, वजन थोडं उतरवा आणि सायकल चालवा. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्याला हालचाल मिळते पण चालण्यासारखा दणका बसत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एका मंडळाची व्यायामशाळा आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा महिलांची वेळ. शाळा सुटली की एसटीने उतरायचं आणि तसंच पुढे जायचं, असा क्रम सुरू केला. दिवाळीनंतर मी जायला लागले तेव्हा तिथे चार सायकली होत्या आणि चारही चालू होत्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोन चालू होत्या. नागपंचमीला एकच.

एका सायकलीवर आम्ही चौदा जणी. पंधरा-पंधरा मिनिटं धरली तरी तासाभरात चौघींचाच नंबर लागणार. बाकीच्या भिंतीला टेकून गप्पा मारायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. त्यातल्या दोघींना डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितलेला होता. घरातून एक तास सुटका मिळवायला त्यांनी काय काय केलं होतं ते मला माहीत आहे. आणि मंडळाचं म्हणणं काय, तर "बायकांना मशिनरी वापरता येत नाही. नवीन घेऊन देणार नाही." हे वाक्य मला लागलं.

त्याच आठवड्यात उरलेल्या सायकलचं डावं पेडल मी चालवत असतानाच निघून पडलं. पाय खाली गेला आणि फिरणारा क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं तो दांडा, नडगीवर आपटला. चार दिवस लंगडत वर्गात उभी होते. मंडळाने शेवटी कोल्हापूरहून दुरुस्तीवाला बोलावला. शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी मी तिथे जाऊन बसले आणि दोन तास त्या दादांना प्रश्न विचारत राहिले. आपली सवयच ती. ते म्हणाले, "मॅडम, हे बगा, ह्या सायकली बायकांनी मोडल्या नाहीत की पुरुषांनी मोडल्या नाहीत. ह्या घामानं खाल्ल्यात."

सायकलच्या आत काय असतं

जिममध्ये साधारण दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक साधी, समोर आकडे दाखवणारा छोटा पडदा असलेली. हिच्यात चाक झाकलेलं असतं आणि बहुतेक वेळा लोहचुंबकाने जडपणा कमी-जास्त होतो. चुंबक चाकाला टेकत नाही, नुसतं जवळ येतं, तरी चाक जड होतं. (याचं कारण सांगायला वेगळा पाठ लागेल.) दुसरी स्पिन बाईक. हिच्या पुढच्या बाजूला एक जड लोखंडी चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याचं वजन बऱ्याच सायकलींत १५ ते २० किलोच्या आसपास असतं. वरचा खटका पिळला की लोकरीच्या जाड दाबलेल्या कापडाचा किंवा चामड्याचा पॅड चाकावर दाबला जातो आणि सायकल जड होते. म्हणजे तत्त्व ब्रेकचंच.

स्पिन बाईकची एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवायला हवी. रस्त्यावरच्या सायकलला आपण पाय थांबवले तरी चाक पुढे फिरत राहतं, पेडल मात्र थांबतं. बहुतेक स्पिन बाईकमध्ये तसं नसतं. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं. माझ्या नडगीला लागलं ते यामुळेच. थांबायचं असेल तर पायाने जोर लावायचा नाही, तो जडपणाचा खटका खाली दाबायचा. बऱ्याच सायकलींत तोच तातडीचा ब्रेक असतो. हे आम्हाला आठ महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं.

घामाने लोखंड कसं खाल्लं जातं

घर सोडून उन्हातान्हात फिरणारी माझ्या वडिलांची सायकल वीस वर्षं टिकली आणि छपराखाली उभी असलेली ही सायकल दोन वर्षांत सडली, हे कसं? मला खरंच कळेना. त्या दादांनी साधं उत्तर दिलं. रस्त्यावर वारा लागतो. घाम अंगावरच वाळतो, आणि गळला तरी मागे रस्त्यावर पडतो. जिममध्ये सायकल जागेवर, माणूस जागेवर, वारा नाही. कपाळावरचा, हनुवटीवरचा, कोपरावरचा घाम सरळ खाली टपकतो, आणि रोज त्याच त्याच जागी टपकतो. हँडलचा दांडा, जडपणाचा खटका, त्याच्या खालचा स्क्रू, सीट वरखाली करायची खिट्टी आणि सगळ्यात खाली चाकाच्या आजूबाजूचे बोल्ट. त्यांनी हँडलचा दांडा खोबणीतून उपसून दाखवला. वरून चकचकीत होता, आतला भाग तांबूस पोपडे धरलेला. खटक्याचा स्क्रू तर पानं लावूनही हलेना.

घामात पाण्याबरोबर मीठ असतं हे आपण सगळे जाणतो, ओठावर आला की चव लागतेच. समुद्राच्या पाण्याच्या मानाने ते फार कमी असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, घामात त्याच्या कितीतरी कमी. मग एवढंसं मीठ एवढं नुकसान कसं करतं? कारण पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. उद्या त्यावर आणखी एक थेंब, परवा आणखी एक. थर वाढत जातो. आणि पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच या थरालाही होतं. हवा दमट झाली की वाळलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं. म्हणजे जिम रात्रभर बंद असली, सायकलीवर कोणी बसलेलं नसलं, तरी गंजण्याचं काम चालूच. आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर हवा कायमच ओली. एप्रिलपर्यंत चारही चालणाऱ्या सायकली नागपंचमीपर्यंत एकीवर का आल्या, याचा हिशेब मला तिथे लागला.

हाच धागा धरून मी चौथीच्या वर्गात प्रयोग केला. तुम्हीही करून बघा, खर्च दहा-वीस रुपये. झाकणाच्या चार पारदर्शक बाटल्या आणि साधे लोखंडी खिळे घ्यायचे. खिळे गॅल्व्हनाईज केलेले नकोत, ते लवकर गंजत नाहीत आणि प्रयोग फसतो. पहिल्या बाटलीत नुसता कोरडा खिळा, झाकण घट्ट. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी खिळा बुडेपर्यंत, आणि वरून गोडेतेलाचा थर. तिसरीत साधं पाणी, खिळा अर्धा बुडालेला. चौथीत तेवढंच पाणी पण त्यात चमचाभर मीठ. मुलांनी चौथ्या बाटलीला चिठ्ठी लावली, "घाम". मी काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच लावली.

दोन दिवसांत चौथ्या बाटलीत खिळ्याभोवती तांबूस गाळ दिसायला लागला. तिसरी मागून आली. पहिल्या दोन बाटल्यांतले खिळे तसेच. मग मुलांशी बोलणं झालं. एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे मीठच गंज करतं का?" प्रश्न चांगला होता आणि उत्तर 'नाही' असं आहे. गंजायला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढं पुरतं. दुसऱ्या बाटलीत पाणी आहे, पण उकळल्यामुळे त्यातली हवा बरीचशी निघून गेली आणि तेलाने नवीन हवा आत येऊ दिली नाही, म्हणून तिथे गंज नाही. मीठ गंज तयार करत नाही, ते वेग वाढवतं. गंजताना लोखंडाच्या एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे अगदी बारीक विद्युतप्रवाह चालू असतो, आणि मिठाच्या पाण्यातून वीज साध्या पाण्यापेक्षा सहज जाते. चौथीच्या मुलांना मी एवढंच सांगितलं की मीठ हे गंजाचं पायडल आहे. वर्ग हसला. सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनी पुढचं सांगावं.

मग पुसायचं कसं

पुसायला फार काही लागत नाही. दोन फडकी, त्यातही जुना सुती पंचा सगळ्यात उत्तम, आणि पाण्यात दोन-चार थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण. एक फडकं त्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि त्याने पुसायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. ओलं करणं जितकं महत्त्वाचं तितकंच कोरडं करणंही. बऱ्याच जणी ओलं फिरवून जातात, आणि मग आपण घाम पातळ करून पसरवला एवढंच होतं.

फवारा मारायची बाटली असेल तर तो फडक्यावर मारायचा, सायकलवर नाही. पडद्याच्या कडेतून पाणी आत गेलं की आकडे बंद. फिनाईल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, संडास धुवायचं काहीही, सायकलजवळ नको. ब्लीचिंगमधलं क्लोरीन धातूला मिठासारखंच झोंबतं. आमच्याकडे सफाई करणाऱ्या मावशी फरशीच्या बादलीतलंच फडकं सायकलींवर फिरवायच्या. त्यांचा दोष नाही, त्यांना वेगळं फडकं कोणी दिलंच नव्हतं.

पुसताना वरून खाली यायचं. मुठी, हँडल, पडदा, खटका, सीट, सीटचा दांडा, मग पेडल, आणि शेवटी खालच्या पट्ट्या. सीटच्या खालून हात फिरवायला विसरू नका, तिथे घाम ओघळून साचतो. आणि सायकलखालची फरशी किंवा रबरी चटई, तीही पुसायची.

हे किती वेळाने करायचं? प्रत्येक जणीने उतरल्यावर. दोन मिनिटंही लागत नाहीत. इथे एक अडचण असते ती उघडच सांगते. सुरुवातीला आमच्यात कोणी पुसत नव्हतं, कारण पुसलं तर 'मला फार घाम येतो' असं दिसेल याची लाज. आणि दुसरी बाजू अशी की आधीची उतरल्यावर तिच्यासमोर आपण सीट पुसली तर तिला वाईट वाटेल. म्हणून आम्ही ठरवलं, आपला घाम आपणच पुसायचा, बसायच्या आधी कोणी पुसणार नाही आणि उतरल्यावर पुसल्याशिवाय कोणी जाणार नाही. लाजेचा प्रश्न आठ दिवसांत संपला. शिवाय हा फक्त लोखंडाचा प्रश्न नाही. गजकर्णासारखे बुरशीचे त्वचारोग दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलमधून, कपड्यांतून पसरू शकतात. त्यामुळे स्वतःचा टॉवेल स्वतःकडेच ठेवावा, आणि जिमची फडकी रोज धुवून उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ऊन नसतं, तर पंख्याखाली का होईना, पण पूर्ण कोरडी.

वरवरचा गंज आलाच असेल तर क्रोमच्या चकचकीत दांड्यावर तारेची घासणी चालवू नका. क्रोमचा पातळ थर हेच त्या लोखंडाचं पांघरूण आहे, ते ओरखडलं की आतून गंज येणार. त्या दादांनी एक युक्ती सांगितली. डब्यात पोळ्या गुंडाळतो तो ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचा. मी करून पाहिलं, बराच गंज निघाला. मग कोरडं पुसून त्यावर तेलाचं बोट फिरवायचं.

तेलावरून आठवलं. आपल्याकडे कुठेही कुरकुर झाली की खोबरेल. सायकलीला खोबरेल, गोडेतेल लावू नका. काही दिवसांनी ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि चेनवर काळा राप तयार होतो. चेनला शिलाई मशीनचं तेल चालतं, थेंब थेंब, आणि जादाचं पुसून टाकायचं. स्प्रेचा जो डबा घरोघरी असतो, डब्ल्यूडी-४०, त्याच्या नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजे पाणी हटवणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. अडकलेला बोल्ट सोडवायला तो छान, पण ग्रीसचं काम त्याच्याकडून होत नाही. सायकलीला चेनऐवजी रबरी पट्टा असेल तर पट्ट्याला कसलंच तेल लावायचं नाही. पॅड आणि चाकाच्या कडेलाही नाही, नाहीतर ब्रेक घसरेल. काही कंपन्या लोकरीच्या पॅडला थोडा सिलिकॉन स्प्रे मारायला सांगतात, पण ते त्या सायकलच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच.

डावं पेडल उलटं का पिळायचं

आता माझ्या नडगीची गोष्ट. पेडल का निघालं? दादांनी पेडल हातात घेतलं आणि दांड्याच्या टोकावर बारीक कोरलेलं अक्षर दाखवलं. 'आर', म्हणजे उजवं. उजवं पेडल कोणीतरी डाव्या क्रँकमध्ये जोर लावून बसवलं होतं. ते सरळ गेलं नाही, आटे कापत गेलं. काही महिने टिकलं आणि मग आट्यांसकट सुटलं. हे बायकांनी केलेलं नव्हतं. मंडळाच्याच माणसाने जुनी पेडलं बदलताना केलं होतं, आणि त्यालाही बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

सायकलचं उजवं पेडल नेहमीच्या स्क्रूसारखं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होतं. डावं पेडल उलट दिशेने. पुष्कळ शिकलेल्या माणसांना हे ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: पाना पेडलला लावून वर उभा धरायचा आणि सायकलच्या पुढच्या बाजूकडे ढकलायचा. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच घट्ट होतात. मागे ओढला की दोन्ही सैल. बहुतेक पेडलांना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. नवीन पेडल बसवताना आधी आट्यांना ग्रीसचं बोट लावायचं आणि पहिले तीन-चार वेढे हातानेच फिरवायचे. हाताने फिरत नसेल तर काहीतरी चुकलंय, पाना लावायचाच नाही.

पण उलटे आटे का? मुलांनाही हाच प्रश्न पडला, आणि याचं उत्तर पेन्सिलीने देता येतं. पेन्सिल मुठीत सैल धरा. मूठ स्थिर ठेवून पेन्सिलीचं वरचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाने गोल गोल न्या, घड्याळाच्या दिशेने. मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरताना दिसेल. पेन्सिलीवर एक उभी रेघ मारून ठेवा म्हणजे कळतं. पेडलचं असंच होतं. आपला पाय नेहमी खालीच दाबतो, पण क्रँक फिरत असतो, त्यामुळे क्रँकच्या छिद्रात दाबाची जागा गोल सरकत राहते. त्या गोल सरकण्याने पेडलचा दांडा अगदी थोडा थोडा उलट दिशेने फिरू पाहतो. उजवीकडे या फिरण्याने साधे आटे घट्ट होतात. डावीकडे साधे आटे असते तर ते सैल होत गेले असते, म्हणून तिथे उलटे. आमच्या वर्गात त्या दिवशी सव्वीस मुलं पेन्सिली फिरवत बसली होती, आणि मुख्याध्यापक नेमके तेव्हाच दारात आले.

या पेडलाची एक गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. विमान उडवणारे राईट बंधू, विल्बर आणि ऑर्व्हिल, यांचं अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी सायकलचं दुकान होतं. १८९२ मध्ये त्यांनी ते सुरू केलं आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले. १९०० साली, विमान उडायच्या तीन वर्षं आधी, आपोआप न सुटणारी पेडलं त्यांनी आपल्या सायकलींची खासियत म्हणून जाहीर केली. एका बाजूला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूला डावे, एवढीच त्यातली युक्ती. वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे त्यांचंही पेडल निघून पडलं होतं का, बाई?" मी म्हटलं, पडलं असेलही.

आठवड्याचं आणि महिन्याचं काम

रोजच्या पुसण्याने ऐंशी टक्के काम होतं असं मला वाटतं. (हा आकडा माझा, कुठल्या पुस्तकातला नाही.) उरलेलं आठवड्यातून एकदा. सीटचा आणि हँडलचा दांडा पूर्ण बाहेर काढायचा, आतून-बाहेरून पुसायचा, परत घालायचा. असं केलं नाही तर तो आत जाम बसतो, मग उंच बाई आणि बुटकी बाई एकाच उंचीवर सायकल चालवतात आणि गुडघे दोघींचे दुखतात. परत घालताना दांड्यावरची मर्यादेची रेघ बघायची, तिच्यावर दांडा ओढायचा नाही. सीटची उंची ठरवायला, पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो.

सायकल डुगडुगत असेल तर खालचे पाय फिरवून समतल करा, कारण डुगडुगण्याने सगळे बोल्ट सैल होतात. पेडल आणि क्रँकचे बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने तपासायचे. आणि आवाज ऐकायचा. प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् असं वाजलं तर बहुधा पेडल किंवा क्रँक सैल. सारखी घासल्यासारखी खरखर, तर पॅड झिजलाय किंवा वाकडा बसलाय. चालवताना पट्टा सटकल्यासारखा वाटला तर तो ढिला. अशा वेळी चालवत राहायचं नाही, वहीत लिहून सायकल बाजूला ठेवायची. 'चालतेय ना, चालू दे' म्हणून क्रँक खराब होतो. पेडलची जोडी शेकड्यांत येते, क्रँक आणि मेकॅनिकचं येणं-जाणं धरलं की हिशेब कितीतरी वर जातो.

घरात सायकल असलेल्या पालकांसाठी

२०२० च्या लॉकडाऊननंतर पुष्कळ घरांत अशी सायकल आली. आता तिच्यावर कपडे वाळतात. हसू नका, माझ्या जावेच्या घरी आहे. ओल्या कपड्यांचं पाणी हँडलच्या दांड्यात उतरतं आणि जे घामाने झालं नसतं ते पिळलेल्या चादरीने होतं. निदान कपडे तरी दुसरीकडे घाला.

त्याहून महत्त्वाचं, लहान मुलं. फिरणारं चाक बघितलं की चार वर्षांचं मूल त्यात बोट घालणारच. चाक १५-२० किलोचं, आणि ते लगेच थांबत नाही. चाक आणि पॅडच्या मध्ये, चेनच्या मध्ये किंवा फिरत्या पेडलखाली बोट सापडलं तर ते चिरडू शकतं. वापर झाला की खटका पूर्ण पिळून चाक जखडून ठेवावं, म्हणजे मुलाला ते फिरवताच येणार नाही. सायकल चालवताना मूल दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या माणसाजवळ. चेनवरचं झाकण तुटलं असेल तर ते बसवेपर्यंत सायकल बंद.

आणि आपल्यासाठी, ओढणी. आमच्याकडच्या एका काकूंची ओढणी पेडलमध्ये गुंडाळली गेली होती, नशीब की त्यांनी वेळेवर खटका दाबला. ओढणी खुंटीला, सलवारीचा पायघोळ दुमडून आत, बुटाची नाडी आत खोचलेली. साडीवर चालवणाऱ्यांनी स्पिन बाईक घेऊच नये, झाकलेल्या चाकाची साधी सायकल घ्यावी.

त्या शनिवारनंतर मी आणि आणखी तिघी मंडळाच्या बैठकीला गेलो. सोबत खिळ्यांच्या चार बाटल्या नेल्या आणि ते 'आर' लिहिलेलं पेडल. फार बोलावं लागलं नाही. मंडळाने आम्हाला वेगळी फडकी, एक पाना आणि एक वही दिली, आणि तीन सायकली दुरुस्त करायचे पैसे मंजूर केले. आता भिंतीवर वार लावले आहेत. सोमवार सफाईच्या मावशींचा, मंगळवार-बुधवार पुरुषांच्या वेळेतल्या मुलांचा, गुरुवार माझा. साखरेचा त्रास असलेल्या त्या दोघींपैकी एक परत यायला लागली आहे, दुसरीचा अजून पत्ता नाही, तिला फोन करायचा आहे.

चौथ्या सायकलचा क्रँक कोल्हापूरहून यायचा आहे. तोपर्यंत तिच्यावर कोणी ओढण्या वाळत घालू नयेत, एवढं मी कागदावर लिहून चिकटवलं आहे.